'सॅक्रामेंतुम'ला मराठीत काय म्हणाल?

आल्टोवाली: इथे कॅलिफोर्नियात आमचा कॉयर ख्रिसमसला संगीतकार मॉर्टन लॉरिडसेनचं 'ओ मॅग्नुम मिस्टेरिउम' गातोय. शब्द फार जुने, नाताळच्या रात्रीच्या लॅटिन प्रार्थनेतले, संगीत मात्र १९९४ चं, लॉस एंजेलिस मास्टर कोरालने पहिल्यांदा गायलेलं. गाणार लॅटिनमध्येच पण पत्रकावर प्रत्येकाने आपापल्या भाषेत अर्थ द्यायचाय. मी लिहिलं, "केवढं हे रहस्य, किती अद्भुत हा संस्कार, की जनावरांनी नुकत्याच जन्मलेल्या प्रभूला गव्हाणीत निजलेलं पाहावं". लॅटिनमधल्या 'सॅक्रामेंतुम'ला मी संस्कार म्हटलंय, तर आई म्हणते संस्कार कुठून आला, मुंज आहे का? दुसरा शब्द सुचवा ना.

वसईकर: संस्कार आम्ही ख्रिस्ती म्हणतोच, स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा वगैरे. गोव्यात साक्रामेंत. पण इथे तो अर्थ नाहीये. लॅटिन बायबलमध्ये ग्रीक 'मिस्टेरिऑन'साठी कुठे मिस्टेरिउम येतं कुठे सॅक्रामेंतुम, म्हणजे दोन्ही जवळपास एकच. एकाला रहस्य म्हणा, दुसऱ्याला गूढ.

जुनी पोथी: रहस्य नकोच हो, रहस्य म्हटलं की खून आणि डिटेक्टिव्ह. 'गूज' लिहा. गुह्यवरून आलेला शब्द, ज्ञानेश्वरीत आहे. फादर स्टीफन्सनी १६१६ साली अख्खं ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आणलं आणि आपण एका ओळीला अडतोय!

रोजची मराठी: गूज म्हणजे आता कानात सांगायची गोष्ट, गुजगोष्टी. पत्रक वाचणाऱ्याला काय कळणार? जो शब्द तोंडात आहे तोच घ्या.

जुनी पोथी: वापरला नाही तर तोंडात येणार कसा?

पेटीवाला: जरा विषयांतर, पण यात खरं गूज सुरात आहे. काळी दोनचा सा धरा, नाही चुकलं, पांढरी दोन. सगळं बिलावलसारखं शुद्ध स्वरांत चाललेलं असतं आणि मेरीसाठीच्या 'विर्गो' शब्दावर आल्टो, म्हणजे बायकांमधले खालचे आवाज, एकदम तीव्र मध्यम लावतात. लॉरिडसेनने स्वतः लिहिलंय की मूळ पट्टीबाहेरचा तो एकच स्वर आहे, मेरीला पुढे भोगावं लागणार ते दुःख त्यात ठेवलंय. आपल्याकडे विवादी स्वर लावतात ना, तसं.

आल्टोवाली: हो!! तो स्वर आमच्याच वाट्याला, लावताना अंगावर काटा येतो. मग विर्गोला कुमारी लिहू की माउली?

वसईकर: कुमारी. पवित्र मरिया कुमारी होती हाच तर मुद्दा आहे.

बांधावरचा: माउली चांगलं वाटतं कानाला. आणि ते गव्हाणीत बरोबर आहे पण मूळ शब्द गव्हाण, काही लोक 'गव्हाणी' धरून बसतात. संस्कृतात गवादनी आहे, त्यातूनच आला असणार, गव्हाशी काही संबंध नाही.

रोजची मराठी: शहरात गव्हाण कुणी पाहिलीय? 'गोठ्यात' लिहा, नाताळला गोठाच तर मांडतात.

बांधावरचा: गोठा म्हणजे घर झालं हो, गव्हाण म्हणजे कडबा टाकतात ती. बाळ गुरांच्या ताटात ठेवलंय, म्हणून तर बैल मान खाली घालतो आणि समोर देव दिसतो. गोठा लिहिलात तर ओळीतलं सगळं गेलं.

जुनी पोथी: मग दावण का नको?

बांधावरचा: दावण दोरीची असते. दावणीला बांधतात, दावणीत कोण ठेवणार बाळ!