'क्लासिक वाचा, इंग्रजी आपोआप येईल' : कुणाला आली?

चाकणकर

काल एका ग्रुपवर कुणीतरी यादी टाकली. 'मराठी माध्यमातून आलात? इंग्रजी कळतं पण सफाई नाही? ही दहा पुस्तकं वाचा, सहा महिन्यांत फरक बघा.' यादीत 'प्राइड अँड प्रेज्युडिस', 'द ग्रेट गॅट्सबी', वुडहाउसच्या विनोदी कादंबऱ्या, शेरलॉक होम्स. शेवटी टीप : शब्दकोश बंद ठेवा, संदर्भावरून अर्थ लागतो. खाली नुसता बदामांचा पाऊस. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून इथे लिहितोय.

मी चाकणला कंपनीत आहे. रविवारी सकाळी डिप्लोमा झालेली पाचसहा पोरं माझ्याकडे इंग्रजी वाचायला बसतात. त्यांना मशीनचं मॅन्युअल वाचता येतं, मेल लिहिता येते, मीटिंगमध्ये मात्र तोंड उघडत नाही. यादीवाले ज्यांना सल्ला देतायत ती हीच पोरं. त्यातल्या एकाने गेल्या वर्षी अशीच यादी बघून 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणलं. तीन आठवड्यांनी विचारलं, कुठवर आलं? म्हणाला, "सर, पाच बहिणी आहेत आणि लग्नं जमवायचीत, एवढं कळलं. कोण कुणाला टोमणा मारतंय ते कळत नाही." पुस्तक १८१३चं, आणि सगळी मजा टोमण्यातच. टोमणा कळायला आधी सरळ वाक्य कळावं लागतं. त्याने पुस्तक सोडलं त्याचं मला काही नाही, पुढचे चार महिने त्याने काहीच वाचलं नाही.

संदर्भावरून अर्थ लागतो, मान्य. पण संदर्भ कळला तर ना! भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६मध्ये हिशोब मांडलाय : कादंबरीतले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवे असतील तर आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) यायला लागतात. त्याखाली वाचन म्हणजे खडीच्या रस्त्यावरून सायकल.

माझी पद्धत साधी. दुकानात पुस्तक मधेच उघडायचं, एक पान वाचायचं, अडला शब्द की एक बोट मुडपायचं. मूठ मिटली की पुस्तक परत ठेवायचं. सुरुवात आर. के. नारायण यांच्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'ने करा. १९३५चं आहे, पण शाळा, परीक्षा, आजी, क्रिकेट सगळं आपलंच. मग रस्किन बाँड. तेही जड गेलं तर ऑक्सफर्डची बुकवर्म्स मालिका आहे, तिसऱ्या पायरीवर हजार मूळ शब्दांत गोष्ट सांगितलेली असते.

पेठेतला

वाचून वाईट वाटलं. पोरांना इतकं कमी का लेखता? आयुष्यभर मऊ भात भरवलात तर दात कशाला येतील?

मी स्वतः मराठी माध्यमाचा, फर्ग्युसनला एफवायला असताना वुडहाउस हातात घेतला. अर्धा डोक्यावरून गेला. तरी वाचला. टीवायला पुन्हा वाचला तेव्हा वसतिगृहात एकटाच हसत सुटलो. आमचे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे तिन्ही भाग घोकून मॅट्रिक झाले आणि पुढे साहेबाचे मसुदे दुरुस्त करायचे. बोटं नव्हते मोजत.

आणि ती हजार शब्दांत कोंबलेली पुस्तकं! पुरणातून गूळ काढून घेतला तर खाली उरते ती शिजलेली डाळ.

मोगरा_ठाणे

@पेठेतला, आजोबा मसुदे दुरुस्त करायचे. म्हणजे तुमच्या घरात दोन पिढ्या इंग्रजी होती. अडलं की स्वयंपाकघरापर्यंत जाऊन विचारता येत होतं. चाकणच्या खोलीत चार पोरं राहतात, ती कुणाला विचारणार?

ज्या पुस्तकांना तुम्ही डाळ म्हणताय त्यांचं मूळ आपल्याच बाजूला आहे. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षक १९२०च्या दशकात ढाक्याला होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचनात का अडकतात हे त्यांनी पाहिलं. क्रमिक पुस्तकांत नवे शब्द धबाधबा ओतलेले, त्यातले निम्मे पुन्हा कधी भेटायचेच नाहीत. त्यांनी जुने पुस्तकी शब्द काढून रोजचे घातले, नवे शब्द अंतराअंतराने पेरले. इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी दोन हजार शब्दांची १९५३ची यादी त्यांचीच. साहेबाच्या देशात बसून कुणी मऊ भात शिजवलेला नाही.

पेठेतला

बंगाल्यांना जमलं नाही म्हणून मराठी माणसाला जमणार नाही असं कुठाय?

मोगरा_ठाणे

यावर काय बोलणार.

हर्णैचा

दोघांचंही अर्धंच खरं. मला बारावीत इंग्रजीत काठावर मार्क. कुणीतरी हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' दिलं, "सोपं आहे, छोटी वाक्यं आहेत" म्हणून. पहिल्याच वाक्यात 'स्किफ' (छोटी होडी) आणि 'गल्फ स्ट्रीम' (समुद्रातला प्रवाह). चाकणकरांच्या बोटांनी पहिल्या पानावरच मूठ मिटली असती. पण माझा बाप मासेमारीला जायचा. म्हातारा दोर हातात धरून बसतो, बोटांवर जरासा ओढा लागतो, वर काही दिसत नसताना खाली काय चाललंय ते त्याला कळतं... ते मला कुणी समजावून द्यायला लागलं नाही. शब्द येत नव्हता पण वस्तू घरात होती. आमच्या पुण्याच्या रूममेटला स्किफ शब्द येत होता आणि पुस्तक कंटाळवाणं वाटलं.

पुलंनी त्याचा अनुवाद केलाय, 'एका कोळियाने'. मी तो आधी वाचला, मग इंग्रजी. कुणी याला कॉपी म्हणत असेल तर म्हणो.

चाकणकर

@हर्णैचा हे पटलं. बोटांत अनुभव मोजता येत नाही. पण हा अपवाद झाला.

हर्णैचा

सगळ्यांचा बाप काही ना काही करतोच की. ज्याच्या घरी शेती त्याला शेतीचं द्या.

बसमधला

चाकणकर सरांच्या रविवारच्या वर्गातला मी. 'पाच बहिणी'वाला नाही, दुसरा. सर, राग मानू नका. 'स्वामी' चांगलं आहे, पण माझ्या प्रतीच्या मुखपृष्ठावर दप्तर घेतलेलं पोरगं आहे. कंपनीच्या बसमध्ये काढलं की मागून "काय रे, पोराचा अभ्यास घेतोस का?" मी सव्वीस वर्षांचा आहे, लग्न झालंय. वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, तर म्हणाले आता तर शाळेचंच झालं.

मला जमलं ते अगाथा ख्रिस्तीचं 'अँड देअर वेअर नन'. दहा माणसं एका बेटावर, एकेक मरत जातो. नावं लक्षात राहीनात म्हणून बसच्या तिकिटामागे दहा नावं लिहिली आणि मेला की काट मारायची. शब्द अडले, बरेच. पण पुढे कोण मरणार हे बघायचं असल्यामुळे थांबलो नाही. अर्थ पेन्सिलने तिथेच वर लिहायचो.

वाचनालयवाली

पुस्तक कुणाचं होतं?

बसमधला

वाचनालयाचं. का?

वाचनालयवाली

का म्हणून विचारतोस! अरे, मी तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग वाचनालयात बावीस वर्षं काढली. त्या अनुदानात इंग्रजी पुस्तकं किती येतात माहीत आहे? आणि आली की तुझ्यासारखे येऊन 'रिलक्टंट' वर 'नाखूश' लिहून ठेवतात. पेन्सिल तरी बरी. एकाने हिरव्या शाईने लिहिलेलं, तेही चुकीचं. 'सोल' वर 'आत्मा'. होता बुटाचा तळवा. नंतर वाचणाऱ्या प्रत्येकाला बुटात आत्मा दिसणार!

दुपारची_झोप

बुटात आत्मा हे तर थेट तत्त्वज्ञान झालं. पण ताई, पुस्तक वाचायला असतं की संग्रहालयात ठेवायला? फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकात कुणीतरी लिहिलेले अर्थ मिळाले की मला आनंद होतो. फुकटचा शब्दकोश.

वाचनालयवाली

तुझं स्वतःचं आहे, नाचव. सार्वजनिक पुस्तकात लिहिणं म्हणजे एसटीच्या सीटवर नाव कोरणं.

पेठेतला

पूर्ण सहमत. या धाग्यावर पहिल्यांदा कुणीतरी शहाणपणाचं बोललं. अर्थ वहीत लिहावा. आम्ही दोनशेपानी वही करायचो.

दुपारची_झोप

वहीत लिहिलेला शब्द वहीतच राहतो. माझ्या तीन वह्या माळ्यावर आहेत, त्यांचं इंग्रजी एकदम फर्डं झालंय.

मोगरा_ठाणे

गंमत बाजूला ठेवू. मूळ पुस्तकात मराठी अर्थ लिहिण्याची सवयच वाईट. डोळा इंग्रजी शब्दावर थांबत नाही, वरच्या मराठीवरच उतरतो. पानाला एक-दोन शब्द अडले तर सोडून द्यावेत, पुन्हा भेटले तर मग बघावेत.

खोडरबर

नवीन आयडी, फक्त यासाठी काढला. वाचनालयाची पुस्तकं खोडत बसायचं काम मी दोन उन्हाळे केलंय, तासाचे पैसे मिळायचे. जोरात खोडलं तर छापील अक्षर पुसट होतं, हळू खोडलं तर अर्थ तसाच दिसतो. लिहिणाऱ्यांनी एकदा करून बघा.

बसमधला

अहो, मी खोडून परत दिलं होतं. चुकलं. पण घरी लाइट नीट नाही, बसमध्ये दीड तास जातो, हातात पुस्तक आणि डबा. वही कुठे धरू? तुम्ही सगळे टेबलावर बसून वाचलेली माणसं आहात.

वाचनालयवाली

टेबलाचं काढू नकोस. माझं सगळं वाचन स्टुलावर बसून झालंय.

चाकणकर

विषय पुस्तक निवडायचा होता. पेन्सिलीवर वीस प्रतिसाद झाले.

वाचनालयवाली

@चाकणकर, थांबा, तुमच्याच कामाचं सांगते. काल रागाच्या भरात वाचनालयात गेले. निवृत्त झाले तरी किल्ली असते माझ्याकडे. इंग्रजी कादंबऱ्यांचं एक कपाट आहे. म्हटलं, कोणत्या पुस्तकांत किती लिहून ठेवलंय ते एकदा बघूच. अकरा पुस्तकांत पेन्सिल सापडली.

आणि काय दिसलं सांगू? 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये पहिल्या सात पानांवर ओळीओळीवर अर्थ. नवव्या पानावर दोन. पुढे काही नाही. 'गॅट्सबी' चौदाव्या पानापर्यंत. वुडहाउसची दोन आहेत, एकात तेवीस पानं, दुसऱ्यात सहा. ख्रिस्तीच्या पुस्तकात मात्र पानाला एखादा शब्द, पण पार शेवटच्या प्रकरणापर्यंत. 'विंग्ज ऑफ फायर'मध्येही तसंच, मधेमधे, शेवटपर्यंत.

पेठेतला

यातून काय सिद्ध होतं? पेन्सिल थांबली म्हणजे वाचन थांबलं कशावरून? तेवीस पानांनंतर लेखकाची लय सापडली असेल, अर्थ लिहायची गरज उरली नसेल. माझं तसंच झालं होतं.

वाचनालयवाली

मलाही वाटलं कुणीतरी हे विचारणार. पुस्तक मिटून कडा बघ. वाचलेली पानं कडेला मळकी होतात, बोटं लागून जरा फुगतात. त्या वुडहाउसला तेविसाव्या पानापर्यंत मळकी पट्टी आहे, पुढचा सगळा गठ्ठा कोरा, पांढरा. दोन पानं तर कापणीत सुटून अजून वरच्या बाजूला चिकटलेली होती. कुणी उघडलीच नाहीत. बावीस वर्षांत हे मला दिसलं नाही, कारण मी नुसती पेन्सिल बघून चिडत होते.

दुपारची_झोप

चिकटलेली पानं! खटला संपला, मिलॉर्ड.

मोगरा_ठाणे

ताई, त्या कपाटाचा फोटो टाकाल का? आणि खोडू नका ते अर्थ, प्लीज. पुढची खरेदी करताना उपयोगी पडतील.

वाचनालयवाली

खोडणार. आकडे वहीत लिहून घेतलेत. वहीतच लिहायचे असतात.

चाकणकर

आता माझंही सांगतो. 'स्वामी'च्या मुखपृष्ठाचं डोक्यातच आलं नव्हतं. मी बोटं मोजत बसलो, बसमध्ये ते पुस्तक कुणासमोर उघडायचंय हे विसरलो. पुढच्या रविवारी ख्रिस्तीच्या तीन प्रती आणतो, जुन्या मिळतात. शेतीवाल्या दोघांना काय द्यायचं, @हर्णैचा?

हर्णैचा

जॉर्ज ऑरवेलचं 'अ‍ॅनिमल फार्म' बघा. दहा प्रकरणं, छोटं. प्राणी बोलतात, पण पोरकट नाही. गोठा, खळं, चारा म्हणजे काय ते तुमच्या पोरांना सांगायला लागणार नाही, आणि वरची मंडळी कशी गब्बर होतात तेही नाही.

पेठेतला

दहा शिफारशींत एक तरी थोर लेखक आला, आभारी आहे. माझं म्हणणं तरीही कायम. अवघड पुस्तकाशी झटापट केल्याशिवाय भाषा अंगात मुरत नाही. फक्त ती झटापट कधी करावी यावर चर्चा होऊ शकते, एवढं मान्य करतो.

मोगरा_ठाणे

तुमचा तो एफवायचा वुडहाउस अजून घरी आहे का? सहज विचारलं.

पेठेतला

आहे. आत्ताच माळ्यावरून काढला. सांगणार नव्हतो. पेन्सिल एकेचाळिसाव्या पानापर्यंत आहे, नंतर एकदम शंभराव्या पानाच्या पुढे निळ्या शाईत दोन-तीन शेरे, ते टीवायचे. मधल्या पानांबद्दल काही आठवत नाही.

पण पुस्तक माझ्या स्वतःच्या मालकीचं होतं, वाचनालयाचं नव्हे. याची नोंद व्हावी.