कुपे घ्यायची, की बाळ येणार म्हणून गप सेडान?

मेट्रोपार्क
मंडळी, घर न्यू जर्सीत, एडिसनजवळ. मार्चमध्ये पाळणा हलणार आहे. गाडी एकच, कारण घरातलं दुसरं माणूस रोज मेट्रोपार्क स्टेशनहून रेल्वेनं मॅनहॅटनला जातं. जुन्या कोरोलाला आता निरोप द्यायचाय आणि गेली आठ वर्षं मनात एकच आहे, दोन दारांची कुपे. यादीत नवी मस्टँग, डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादन थांबलेली चॅलेंजर (म्हणजे वापरलेलीच मिळणार) आणि खिशानं साथ दिली तर बीएमडब्ल्यूची ४ सीरिज. तान्ह्या बाळाची, मागे तोंड करून बसवायची सीट यात नीट बसते का? "एसयूव्ही घ्या" एवढंच लिहायचं असेल तर टंकनश्रम वाचवा.

रात्रपाळी
एसयूव्ही घ्या.

बरं, आता कारण. मस्टँगच्या मागच्या सीटला पाय ठेवायची जागा २९ इंच. चॅलेंजरला ३३.१. मागे तोंड केलेली सीट तिरपी बसते, त्यामुळे ती लांबीला जागा खाते आणि ती जागा निघते पुढच्या सीटमधून. म्हणजे तुम्ही ऐटीत गाडी चालवणार आणि वहिनी गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसणार. एअरबॅग समोर असताना इतकं पुढे बसणं धोक्याचंही आहे. दादा, वहिनींना विचारलंत का एकदा?

चॅलेंजरवाला सांगलीकर
मी विचारलं होतं आणि ती हो म्हणाली होती. वापरलेली चॅलेंजर, मुलगा जन्मापासून सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत. सीट कायम प्रवासी बाजूच्या मागे. दार लांबलचक, पुढची सीट सरकवली की आत वाकायला जागा होते. डिकी १६.२ घनफूट, बाबागाडी घडी करून आत. आणि मुलगा चालत्या गाडीत दार उघडेल ही भीतीच नाही, मागे दारच नाही!

त्रास एकच, पार्किंग. शेजारी कुणी चिकटून गाडी लावली की ते लांब दार अर्धंच उघडतं. मग गाडी बाहेर काढायची, बाळ आत ठेवायचं, मागच्याचे हॉर्न ऐकायचे. इंडियन स्टोअरच्या पार्किंगमध्ये शनिवारी संध्याकाळी हे करून बघा, सगळे देव आठवतात.

ठाण्याची लेक
सांगलीकर, तुमच्या बायकोचं सिझर झालं होतं का? माझं झालं होतं आणि आमची गाडी दोन दारांचीच होती, हॅचबॅक. टाके ओले असताना बाळ धरून आत वाकायचं, कमरेत पीळ द्यायचा, तिथे बक्कल शोधायचं. जानेवारीत तर जाड जॅकेट घालून बाळाला पट्टे बांधायचे नसतात, कारण जॅकेट दबतं आणि पट्टा सैल राहतो. म्हणजे थंडीत दार उघडं ठेवून जॅकेट काढा, पट्टे बांधा, वरून पांघरूण घाला. चार दारांत हे उभ्यानं होतं. कुपेत अर्धं अंग आत, अर्धं बर्फात. दोन महिन्यांत मी ती गाडी विकायला लावली.

पौडरोड
कुपेच हवी तर पुण्यात या, टाटाची कर्व्ह आहे, सिट्रॉएनची बसाल्ट आहे. कुपे म्हणतात आणि चार दारं देतात.

बाकी बेबी सीटचं एवढं काय घेऊन बसलात? आपण सगळे आईच्या मांडीवर बसूनच मोठे झालो.

गणिताचे मास्तर
पौडरोड, जे मोठे झाले तेच हे वाक्य म्हणायला उरले. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळून दशांश सेकंदात थांबली, तर चार किलोचं बाळ हातात सुमारे ५६ किलोंसारखं ओढतं. सिमेंटचं पोतं ५०चं असतं. धरून दाखवा. आणि आपल्याकडेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, कुणी घेत नाही ती गोष्ट वेगळी.

धागाकर्ते, तुमच्या राज्यात दोन वर्षांखालचं आणि ३० पौंडांखालचं मूल मागे तोंड करूनच बसवावं लागतं. बालरोगतज्ज्ञ तर सीटची मर्यादा संपेपर्यंत तसंच ठेवा म्हणतात. तेव्हा प्रश्न तीन महिन्यांचा नाही, दोन-तीन वर्षांचा आहे.

मेट्रोपार्क
सगळ्यांचे आभार. एक दुरुस्ती. दादा नाही, ताई. वहिनी मीच आणि मला विचारून झालंय. कुपे मला हवी आहे. नवरा म्हणतो, चार चाकं आणि हीटर असलं की पुरे.

आता गणित बदलतं का बघा. चालवणार मी, उंची पाच फूट दोन इंच. नवरा सहा फुटी, त्याला पुढे जागा लागते. बाळंतपणाला आई कराडहून सहा महिने येणार.

रात्रपाळी
माफ करा ताई. कान धरले.

गॅरेजवाले काका
बदलतं म्हणजे काय, उलटंच होतं! सीट प्रवाशाच्या मागे ठेवा हा सल्ला चालक उंच आहे असं गृहीत धरून देतात. तू पाच-दोन आहेस, तुझी सीट आपसूकच पुढे असते, जागा तुझ्या मागे आहे. तिथे बाळाची सीट लाव, जावईबापू प्रवासी बाजूला पाय पसरून बसतील.

पण त्यात ग्यानबाच्या दोन मेखा. एक, सीट मावावी म्हणून स्वतःला आणखी पुढे ओढू नकोस. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान १० इंच हवेत, टेप लावून मोज. पोट आहे तोवर कमरेचा पट्टा पोटाखालून. दुसरं, रस्त्याकडेला गाडी लावलीस तर चालकाचं दार रहदारीकडे उघडतं. तिथे उभं राहून बाळ काढायचं नाही.

सीट लावल्यावर पट्टा जातो तिथे धरून हलवायची. इंचाहून जास्त हलली तर परत लाव. प्रमाणित तंत्रज्ञ असतात, बऱ्याच ठिकाणी फुकट तपासून देतात.

ठाण्याची लेक
ताई, हौस समजली. पण आई कुठे बसणार? बाळाशेजारी मागे. साठीच्या असतील ना? पुढची सीट दुमडून, साडी आवरत, मान वाकवून आत जायचं. रोज डॉक्टरकडे, मंदिरात, दुकानात.

मेट्रोपार्क
आई चौसष्टची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी बाई आहे ती. शिवाय तिच्या मते कुपे म्हणजे रेल्वेच्या फर्स्ट क्लासचा दोघांचा डबा. "मग तिसऱ्याला कशाला घेता?" म्हणाली. गुडघे मात्र दुखतात तिचे, हे खरं. तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

चॅलेंजरवाला सांगलीकर
आई असताना आई पुढे, नवरा मागे. सहा फुटी असला म्हणून काय झालं? बाप झालाय.

मेट्रोपार्क (नऊ दिवसांनी)
मैत्रिणीची तान्ह्यासाठीची सीट आणि टेप घेऊन शनिवारी दोन ठिकाणी जाऊन आले. गाड्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण तुमची सीट आणि उंची वेगळी असली की निकालही वेगळा.

पहिलीत नवऱ्याच्या मागे सीट बसली, पण नवरा बसला नाही. माझ्या मागे बसली आणि स्टिअरिंगपासून साडेदहा इंच राहिले. दुसरीत दोन्हीकडे बसली. चालकाच्या बाजूनं बाळाचा डबा (म्हणजे हीच तान्ह्याची सीट) आत घालताना तो आधी वर उचलायचा, मग आडवा, मग फिरवायचा. रिकामा होता तरी तिसऱ्या वेळी घाम फुटला. ठाण्याची लेक, त्या क्षणी तुझी आठवण झाली.

ठाण्याची लेक
आणि वर्षभरानं तो डबा लहान पडल्यावर घ्यायची मोठी सीट? ती लावून बघितलीस?

मेट्रोपार्क
नाही गं. तीच राहिली. पुढच्या शनिवारी उसनी मिळतेय, परत जाते. विक्रेत्याला आता सवय झालीय. मागच्या खेपेला इंजिनाबद्दल एक शब्द बोलला नाही, टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिला.