आईला काचबिंदू निघालाय, ड्रॉप्स आयुष्यभर टाकायचे?

सांगलीकर: आई ६४ वर्षांची. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर डोळ्यातलं प्रेशर २८ निघालं, ड्रॉप्स कायमचे म्हणाले. तिला तर सगळं स्वच्छ दिसतं, मोतीबिंदूसारखं एकदाच ऑपरेशन करून मोकळं होता येत नाही का?

खिडकीपाशी: नाही हो. मोतीबिंदूत लेन्स बदलतात, इथे डोळ्यामागची नसच सुकत जाते, गेलेली नजर परत येत नाही. आधी कडेची जाते म्हणून कळतही नाही, आमचे बाबा दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि आम्ही हसायचो. ऑपरेशन असतं, पण तेही प्रेशर उतरवायलाच.

डोळ्यांचा डॉक्टर: काचबिंदूचेच पेशंट बघतो. निम्मा वेळ 'दिसतंय ना मग औषध कशाला' यावरच जातो :) प्रेशर १० ते २१ नॉर्मल धरतात, पण नॉर्मल असूनही नस खराब होते, म्हणून फील्ड टेस्ट (कडेची नजर तपासणारी), ओसीटी (नसेचं स्कॅन) वेळच्या वेळी करा. थेंब टाकून डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा. दमा आहे का त्यांना? दम्यात टिमोलॉल (प्रेशर उतरवायचं एक औषध) चालत नाही. आणि तुम्हीही तपासून घ्या, घराण्यात असतो हा.

सांगलीकर: अहो दमा आहे! बाटलीवर टिमोलॉलच लिहिलंय, आत्ताच फोन लावतो डॉक्टरांना.