म्हाताऱ्या लेयरना (अंड्यांच्या कोंबड्यांना) उपाशी ठेवून पिसं झडवायची का? माझं म्हणणं: नाही

घोडबंदरकर:
राहायला ठाण्यात पण शेड मुरबाडला गावी, बीव्ही ३८० जातीच्या ६०० कोंबड्या. पक्षी ७४ आठवड्यांचे झालेत, अंडं मोठं येतंय पण कवच इतकं पातळ की ठाण्याला आणेस्तोवर ट्रेमागे दोन-तीन तडकलेली निघतात. नवीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घ्याव्यात तर अंड्यावर येईपर्यंत १८-२० आठवडे नुसतं खाणार. शेजारचा शेडवाला म्हणतो दहा दिवस खाद्य बंद कर, बल्ब बंद कर, वजन पाव हिश्श्याने उतरलं की पिसं झडतात आणि मग अंडी नव्याने सुरू. मी हे करणार नाही. वर्षभर ज्यांच्या अंड्यांवर घर चाललं त्यांच्यापुढे रिकामी फीडर ठेवायची, मला नाही जमत.

शहापूर लेयर:
दादा भावना कळते पण हिशोब बघा ना. मोल्ट नाही केलं, म्हणजे पिसं झडवली नाहीत, तर ह्याच कोंबड्या पुढच्या महिन्यात कलमध्ये, म्हणजे कापायला जाणार, मग दया कुठे राहिली? मोल्टनंतर तिला अजून सहा-सात महिने मिळतात. आणि पिसं ती तशीही टाकते, दिवस लहान झाले की. खुडूक बसली की खाणंही टाकतेच. अंडनलिकेला विश्रांती मिळते, आतली चरबी उतरते म्हणून कवच घट्ट होतं. आपण फक्त सगळ्यांचं एकदम करतो.

ऐरोलीची ताई:
खुडूक कोंबडी दिवसातून एकदा तरी उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत बसते. तिचं खाणं कोणी काढून घेतलेलं नसतं, हा फरक छोटा नाहीये भाऊ. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ११ मध्ये पुरेसं अन्नपाणी न देणं सरळ क्रूरता म्हटलंय. शिवाय उपाशी पक्ष्याच्या आतड्यात साल्मोनेला हा आजाराचा जंतू फार लवकर वाढतो, विष्ठेतून शेडभर होतो आणि अंड्यातही उतरतो, तीच अंडी आमच्या ऐरोलीतली पोरं हाफफ्राय खातात. अमेरिकेत अंडी उत्पादकांच्या संघटनेनेच २००६ पासून उपाशी ठेवायची पद्धत बंद केली, तेही धंदाच करतात ना?

घोडबंदरकर:
ताई हेच म्हणतोय. दिवाळीनंतर उपाशी न ठेवता मोल्ट करायचं ठरवलंय, खाद्यात जास्तीत जास्त गव्हाचा कोंडा, थोडा मका, शिंपल्याची पूड बंद, संध्याकाळचे बल्ब बंद. पोट भरेल पण अंड्यापुरती ताकद मिळणार नाही. पाणी एक तासही बंद नाही. नवीन पिसं फुटायला लागली की सोया पेंड वाढवायची, पीस म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच.

शहापूर लेयर:
कोंड्यावर सगळ्या एकसारख्या थांबत नाहीत, काही अंडी देतच राहतात आणि खाद्याचा खर्च चालूच, माझ्यासारख्या आठ हजारवाल्याला ते परवडत नाही हे मी अजूनही म्हणेन. पण करताय तर वीस पक्ष्यांच्या पायाला रिंग घाला आणि दर तिसऱ्या दिवशी तेच वीस तोला, नाहीतर कोण किती उतरलं काही कळणार नाही. दुबळ्या आधीच वेगळ्या काढा.