दवाखान्याचं बिल: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात सासऱ्यांना रात्री दोनला छातीत दुखतंय म्हणून नेलं, तर काउंटरवर पहिला प्रश्न, "कॅशलेस आहे का?" काय होतंय ते नंतर. पेशंट आत नि आपण बाहेर, अशा वेळी भाव विचारायची हिंमत कोणाला होते? तुमच्याकडे काय झालं ते सांगा. हॉस्पिटलचं नाव नको.

*

बाबांची अँजिओप्लास्टी दोनदा झाली. २०१५ ला एका स्टेंटचे (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) सव्वा लाख. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधवाल्या स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आसपास बांधून दिली तेव्हा बरं वाटलेलं. २०१९ ला परत ब्लॉकेज, स्टेंट खरंच स्वस्तात पडला पण एकूण बिल जवळपास तेवढंच, कारण बलून, कॅथेटर, कॅथलॅबचा (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीचा) चार्ज सगळंच चढलेलं. दोन्ही बिलं फाईलमध्ये शेजारी शेजारी लावून ठेवलीत.

*

रूम घेण्याआधी पॉलिसी वाचा हो! ३ लाखांची पॉलिसी, रूमभाड्याची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ३ हजार. आईला गलका सहन होत नाही म्हणून ६ हजारांची घेतली, म्हटलं वरचे ३ आपण भरू, त्यात काय. तर औषधं वगैरे सोडून डॉक्टरांची व्हिजिट, ओटी, नर्सिंग सगळं निम्मं कापलं, कारण खोली महाग की व्हिजिटपण महाग. तोच डॉक्टर, "काय आजी, बरं वाटतंय ना" म्हणून दोन मिनिटांत बाहेर, पण जनरल वॉर्डात एक भाव नि वरच्या मजल्यावर दुसरा. डिस्चार्ज सकाळी १० ला सांगितला, टीपीएचं (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या एजन्सीचं) अप्रूव्हल आलं संध्याकाळी ७ ला, तोवर आई साडी नेसून चपला घालून पलंगावर बसलेली.

*

भावाचं बायपास सरकारच्या महात्मा फुले योजनेत झालं, आमच्याकडे अजून जीवनदायीच म्हणतात. ऑपरेशनला रुपया लागला नाही, आरोग्यमित्र (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) पोरगा चांगला होता. पण निदान होईपर्यंतच्या तपासण्या आणि लातूरहून पुण्याच्या खेपा, त्यात दोन शेळ्या गेल्या.

*

ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आमच्या कामवाल्या मावशींच्या वेळी "खाट शिल्लक नाही" असंच ऐकवलं. मी तिथल्या सोशल वर्करसमोर बसूनच धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसचा नंबर शोधायला घेतला, दुपारी खाट निघाली! तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा, ऐन वेळी धावपळ होते.

*

ताई, दाखला नाहीये, पिवळं रेशनकार्ड आहे. चालेल का? वडील उद्या ॲडमिट होतायत.

*

चालतं. ओरिजिनल न्या, झेरॉक्स तीन. आणि पैसे भरायच्या आधी सोशल वर्करला भेटा, नंतर नाही.