चौकटीची रुंदी आणि देवनागरी मजकूर

दादरच्या गणेशोत्सव मंडळाचे पान तयार करताना वर्गणीच्या चौकटीला ३०० पिक्सेल रुंदी देऊनही ती अधिक रुंद का दिसते, असा प्रश्न या चर्चेत वर आला आहे आणि त्यावर सुचवलेला ‘ब्राउझर बदलून पाहा’ हा उपाय मला पटला नाही. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, आपण देतो ती रुंदी मुळात केवळ आतल्या मजकुराची असते. त्यामुळे प्रत्येक बाजूला २० पिक्सेल पॅडिंग (मजकूर आणि कडा यांमधली मोकळी जागा) आणि ५ पिक्सेलची बॉर्डर (कडेची रेघ) असेल, तर चौकट प्रत्यक्षात ३५० पिक्सेल जागा व्यापते. ‘बॉक्स-सायझिंग’ या गुणधर्माला ‘बॉर्डर-बॉक्स’ हे मूल्य दिले की सारे ३०० मध्येच सामावते. मार्जिन, म्हणजे चौकटीभोवतीची मोकळी जागा, मात्र तरीही बाहेरच राहते. शिवाय बहुतेक वर्गणीदार हे पान लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवरच उघडणार असल्याने ठाम रुंदीऐवजी ‘मॅक्स-विड्थ’ (कमाल रुंदी) वापरणे शहाणपणाचे ठरेल.

क्लासवर नियम लिहूनही पानाच्या शीर्षकाचा रंग बदलत नाही, अशीही तक्रार आहे; याचे कारण सोपे आहे: आयडीवरचा (एकाच घटकाला दिलेल्या ओळखीवरचा) नियम क्लासवरच्या (अनेक घटकांना देता येणाऱ्या नावावरच्या) नियमाला भारी पडतो, मग तो फाइलमध्ये आधी असो वा नंतर.

मराठी मजकुराबद्दल मात्र येथे कोणीच बोललेले नाही. इंग्रजी नमुन्यांतून उचललेले ‘लेटर-स्पेसिंग’ (अक्षरांमधले जादा अंतर) देवनागरीला लावले की अक्षरे सुटी होऊन शिरोरेखा तुटते, म्हणून ते काढूनच टाकावे. वेलांट्या आणि उकार वरखालच्या ओळींना भिडू नयेत यासाठी ‘लाइन-हाइट’ (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवावी, आणि तीही पिक्सेलसारख्या एककाविना, म्हणजे अक्षरांचा आकार बदलला तरी ओळींमधले अंतर त्याच प्रमाणात बदलते.