आजोबांच्या मशीनवरून लेकाचा प्रश्न: ऑक्सिजन लागतो तरी कशाला?

मुलुंडची_सून
सासऱ्यांना घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय. नाकातली नळी बघून पाच वर्षांच्या लेकाची सरबत्ती सुरू झाली. "जगायला लागतो" म्हटलं, तर म्हणे, "मग झोपल्यावर कशाला? तेव्हा तर मी काहीच करत नाही." भीती न घालता कसं सांगू?

ठाणेकर७
पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घाला. विझली की सांगा, ऑक्सिजन संपला!

गिरगावच्या_बाई
ठाणेकर, त्यांच्या घरी मेणबत्ती नकोच. मशीन चालू असलेल्या खोलीत उदबत्ती-निरांजनसुद्धा लावायचं नाही, ऑक्सिजन वाढला की साधी ठिणगीही भडकते. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात ऑक्सिजन उरलेला असतोच.

अगं सूनबाई, बालवर्गात माझी हयात गेली. "जगायला लागतो" हे पोरांना पटत नाही, आणि त्यांचंच बरोबर आहे. डब्यापासून सुरुवात कर. वरणभात खाल्ला, पोटात त्याची साखर झाली, रक्तातून ती अंगभर पोचली. पण त्या साखरेतून पुरेसा जोर काढायला ऑक्सिजनच हवा. लिफ्ट बंद असताना जिने चढून आलात की विचार त्याला, धाप का लागली? पायांनी जास्त जोर मागितला म्हणून.

झोपेचं म्हणशील, तर आजोबा झोपले की त्यांच्या छातीवर त्याचा हात ठेव. धडधडतंय ना? हृदय झोपत नाही, मेंदूही नाही. आणि एक वेळ जेवला नाही तरी चालतं, कारण खाल्लेलं अंगात साठतं. ऑक्सिजन जेमतेम काही मिनिटं पुरेल एवढाच असतो, म्हणून रात्रभर श्वास चालू. श्वास कोंडायचा खेळ मात्र लावू नकोस, पोरं पैजा मारतात.

प्रयोगच हवा तर पानवाल्याकडून बोटभर साधा चुना आण. बाटलीभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेव, वरची निवळी अलगद ग्लासात ओत आणि स्ट्रॉने फुंक. पाणी दुधाळ होतं. तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, साखर वापरून झाल्यावर उरलेला. फुंकायचं तू, त्याने नाही. चुकून ओढलं तर चुन्याने तोंड भाजेल.

मुलुंडची_सून
बाई, केलं! नुसता चुना मागितला म्हणून पानवाला बघतच राहिला. पाणी पांढरं झाल्यावर लेकाने आजोबांनाही फुंकायला लावलं, त्यांचंही झालं. आता नवीन शंका: मशीन ऑक्सिजन कुठून आणतं?

गिरगावच्या_बाई
तुमच्याच खोलीतून. हवेत साधारण 21 टक्के ऑक्सिजन आणि 78 टक्के नायट्रोजन असतो. मशीन नायट्रोजन अडवतं आणि ऑक्सिजन पुढे सोडतं. आजोबांची फुफ्फुसं थकलीत, साध्या हवेतून त्यांना पुरेसा ओढता येत नाही, एवढं सांग. आणि मशीन भिंतीला किंवा पडद्याला चिकटवून ठेवू नकोस, त्याला हवा आत घ्यायला मोकळी जागा लागते.